चौकोनातली जाऊबाई

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कुणीच नसतं. दिसतं ते गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचं मागचं आवार. सिमेंटची जमीन, मध्ये एक आडवी भेग, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कँटीनच्या मोडक्या खुर्च्या आणि कोपऱ्यात कातरणाचं फुगलेलं पोतं. संध्याकाळचा भोंगा होतो. डावीकडचं लोखंडी दार करकरतं आणि एक ठेंगणी बाई आत येते. वय पन्नाशीचं, गळ्यात मोजपट्टी, कामावरून सुटताना काढायची राहून गेलेली. ती खुर्च्या जोडीजोडीनं मांडते, मागे होऊन डोळा बारीक करून बघते, पुन्हा येऊन एक खुर्ची बोटभर सरकवते. पट्टीची नटीसुद्धा आपल्या प्रवेशाआधी सामानाची एवढी काळजी घेत नाही.

हिला सगळे कात्री म्हणत. ती कापड कापण्याच्या टेबलावर होती, एवढंच त्याचं कारण नव्हतं. तरुणपणी ती फुटबॉल खेळायची, आणि तिचा पास समोरच्या दोन गड्यांच्या मधून असा जायचा की दोघांपैकी कुणाचा धागाही हलायचा नाही. तेव्हापासूनचं हे नाव.

त्या पासाचंच तर सगळं रामायण होतं.

कात्री मागून चेंडू द्यायची आणि पुढे तिची जिवाभावाची मैत्रीण तो गोलात घालायची. वरच्या संघाची निवड होती त्या दिवशी कात्रीनं चेंडू मोकळ्या जागेत सोडला. मैत्रिणीनं फक्त चार पावलं धावायचं होतं. ती धावली नाही. चेंडू आपला रेषेबाहेर निघून गेला. निवड करणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हे काय?" मैत्रीण हसून म्हणाली, "हिचे पास आंधळे असतात हो. कुठं जातात ते तिलाच ठाऊक नसतं." साहेबही हसले. मैत्रीण निवडली गेली, कात्री घरी आली.

एवढ्यावर संपलं असतं तर माणूस विसरतोही. पण नशीब असं खट्याळ, की पुढे दोघींची लग्नं सख्ख्या भावांशी झाली. मैत्रिणीला मिळाला थोरला, कात्रीला धाकटा. कालपर्यंत जिला "अगं ए" म्हणायचं तिला आता "अहो जाऊबाई" म्हणायचं, आणि तेही एकाच स्वयंपाकघरात. वर जेवताना कात्रीच्या हातून वाटी जरा पलीकडे सरकली की थोरली डोळे मिटून म्हणायची, "आंधळा पास!" सगळं घर खदखदून हसायचं. सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो कात्रीचा नवरा.

कात्री वाढत राहायची. राग ती गिळायची, पण तो पचला कधीच नाही. तिला माफी नको होती, माफी एकांतातही मागता येते. तिला चारचौघांत एकच वाक्य हवं होतं : पास बरोबर होता, मी जागची हलले नाही.

जाऊबाई दवाखान्याच्या भांडारात कामाला होत्या आणि तिथल्या परिचारिकांचा संघ तयार करत होत्या. कामगार बायकांच्या स्पर्धेची ढाल कायम त्यांच्याकडेच. यंदा ती ढाल दिवाणखान्यात, नेमकी कात्रीच्या झोपायच्या खोलीसमोर टांगली गेली. दुसऱ्या दिवशी कात्रीनं कारखान्यात विचारलं, "फुटबॉल कोण कोण शिकणार?"

आल्या त्या काजाच्या मशीनवरची लाजरी काजवाली, धिप्पाड इस्त्रीवाली, पॅकिंगमधल्या दोघी बहिणी आणि अशाच आणखी काही. चपला घालून आल्या. कात्रीनं त्या काढायला लावल्या.

"नखानं मारायचा नाही," ती सांगायची. "पायाची आतली बाजू. घोटा घट्ट. दुसरं पाऊल चेंडूच्या शेजारी, जिकडे पाठवायचा तिकडे तोंड करून. दोन खुर्च्यांमधून पलीकडच्या बाईच्या पायात. तिला वाकावं लागलं तर तो पास नव्हे, ती शिक्षा."

मग कातरण निघायचं. चेंडू येत असताना पाठीमागे एकजण लाल, निळी किंवा पिवळी चिंधी वर धरायची. चेंडू पायाशी यायच्या आत मान वळवून रंग सांगायचा. चुकलं की पुन्हा. "माझ्या मुलींना आंधळं म्हणायची कुणाची छाती होता कामा नये," असं ती म्हणायची, तेव्हा तिचा जबडा असा आवळला जायचा की हसणाऱ्या बायका गप्प व्हायच्या.

शेवटी चौकोन. चार कोपऱ्यांत चौघी, मध्ये एक. बाहेरच्यांनी पास द्यायचे, मधलीनं चेंडू हिसकायचा. त्या मधलीचं नाव कात्रीनं ठेवलं होतं जाऊबाई.

"कात्रीताई, मेले गं मी!" इस्त्रीवाली कंबरेवर हात ठेवून ओरडायची. "किती वेळ जाऊबाई राहू?"

"चेंडू मिळेपर्यंत."

"आणि खऱ्या जाऊबाईंना कधी मिळायचा?"

"त्यांना मिळू नये म्हणूनच तुमच्याशी डोकं फोडतेय."

"पण ताई, गोल मारायला कधी शिकवणार?"

"पास नीट गेला की गोल आपोआप होतो," कात्री तोडून टाकायची. गोल हे जाऊबाईंचं काम. त्याचं नाव काढलं तरी तिच्या तोंडाला कडू चव यायची.

सामन्याच्या दिवशी चौकोन अख्ख्या मैदानाएवढा झाला. चेंडू काजवालीकडून बहिणीकडे, बहिणीकडून बहिणीकडे, तिथून इस्त्रीवालीकडे. परिचारिका मागे धावत राहिल्या. रेषेवर उभ्या जाऊबाई आधी हसत होत्या, मग ओरडू लागल्या, मग त्यांचा घसा बसला. आयुष्यभर साठवलेलं कात्री डोळ्यांनी घोटघोट पीत होती.

आणि मग काजवाली गोलासमोर पोचली. गोलकीपर घसरून आडवी पडलेली, समोर दोन खांब आणि मध्ये मोकळं आकाश. काजवालीनं मान वर केली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि वळून चेंडू शांतपणे मागे बहिणीला दिला.

मैदान हसून लोळलं. थोड्या वेळानं धाकट्या बहिणीनंही तेच केलं.

जाऊबाईंचा घसा चमत्कार व्हावा तसा मोकळा झाला. "अगं कात्री! तुझ्या पोरी गोलाचं दर्शन घेऊन माघारी येतात की! आंधळीच्या हाताखाली शिकल्या, दुसरं काय!"

मागून एक ओळखीचं खदखदणं ऐकू आलं. कात्रीनं वळून पाहिलं नाही.

मध्यंतरात काजवाली रडकुंडीला आली. "ताई, पलीकडे कुणीच नव्हतं हो. द्यायचा कुणाला?"

कात्रीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खुर्च्यांमधून चेंडू घालायचा तो पलीकडे बाई उभी असली तरच, असंच तर तिनं शिकवलं होतं. सुडाच्या भरात तिनं अर्धाच खेळ शिकवला होता. क्षणभर तिला स्वतःचाच इतका राग आला की जाऊबाईंची पाळी नंतर आली. मग तिनं पिशवीतून लाल कापडाचा लांबलचक तुकडा काढला आणि मैदानाला वळसा घालून ती थेट परिचारिकांच्या गोलाच्या जाळीमागे, तो डोक्यावर उंच धरून, जाऊन उभी राहिली.

पंच धावत आले. "बाई, इथं काय करताय?"

"उभी आहे."

"कशाला?"

"बसले तर दिसणार नाही."

"हे नियमात बसत नाही."

"मी रेषेबाहेर आहे. बाहेर उभं राहायची मला जुनी सवय आहे. तुम्ही आपलं आत बघा."

पंचांनी डोकं खाजवलं आणि शिट्टी फुंकली.

चेंडू पुन्हा फिरू लागला. इस्त्रीवाली, बहीण, बहीण, काजवाली. काजवालीनं मान वर केली. जाळीमागे लाल कापड आणि त्याखाली कात्रीचा वाट पाहणारा चेहरा. आतली बाजू, घट्ट घोटा. गोलकीपर डावीकडे झेपावली आणि चेंडू तिच्या कुशीजवळून जाऊन जाळीत थांबला, अगदी कात्रीच्या पावलांसमोर. तिला वाकावं लागलं नाही.

त्या एका गोलावर सामना संपला. दोन्ही संघ हात मिळवायला जमले, प्रेक्षकांचं कोंडाळं झालं, घरचे दोघे भाऊही पुढे सरकले. जाऊबाई आल्या, हात पुढे केला. "छान खेळल्या गं पोरी. पास तर काय सुरेख."

कात्रीनं तो हात धरला आणि सोडला नाही. "कुठला पास?"

"आजचे सगळेच."

"आजचे राहू द्या. तेव्हाचा सांगा."

'कधीचा' असं जाऊबाईंनी विचारलं नाही. त्यांचा चेहरा झरकन उतरला, आणि कात्रीला पहिल्यांदाच कळलं, की हिलाही तो दिवस जसाच्या तसा आठवतो. जेवणातली ती थट्टा म्हणजे झाकण होतं, आतलं वर येऊ नये म्हणून रोज दाबलेलं.

"घरी बोलू ना," त्या कुजबुजल्या.

"घरी खूप बोललात."

"पास बरोबर होता," जाऊबाई पुटपुटल्या. "मी हलले नाही. दोघींतली एकच घेणार होते गं. घाबरले मी." त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं, आणि ते खरं होतं. कारखान्याच्या बायकांनी माना खाली घातल्या. इस्त्रीवालीनं हळूच कात्रीची बाही ओढली, झालं, आता सोड, अशी.

कात्रीनं हात सोडला नाही.

"मोठ्यानं बोला, जाऊबाई. तुमचे दीर मागं उभे आहेत, त्यांना ऐकू गेलं नाही."