दिव्यानीची चाळीस पानं

दिव्यानी माझ्याकडे रेकॉर्डिंग शिकायला आली तेव्हा तिची चाळीस पानी वही भरली होती आणि डोक्यात नुसता गोंधळ होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिनं सगळं उतरवलं होतं.

"अमरभाऊ, कंप्रेसर आधी का इक्वलायझर आधी?"

"मले नाई माहीत," मी म्हणालो. झाडीपट्टीच्या नाटकांत बावीस वर्षं माइक सांभाळतोय, पण कोणतं बटण का फिरवतो ते मला सांगता येत नाही. विचारलं की चिडचिड होते.

तिची आई देवकाबाई म्हणजे धानोऱ्याकडची गाणारी बाई. धानाच्या रोवण्याला ती ओळ सांगते, बाकीच्या बाया झेलतात. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. आठवड्यानं ऑपरेशन, आणि नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टरही सांगत नव्हते. दिव्यानीला तो आवाज त्याआधी धरून ठेवायचा होता.

तिनं घरच्या खोलीत गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आईला खुर्चीवर बसवलं. देवकाबाई दोन ओळी गायली आणि अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकली. दिव्यानी बटणं फिरवू लागली. मीही दोन फिरवली, गुरू म्हणून काहीतरी करायला हवं ना. तिघंही घामानं निथळत होतो आणि चुकतंय काय ते कुणालाच कळत नव्हतं.

"बाई, काऊन थांबता?" मी वैतागून विचारलं.

"हात रिकामे हायेत ना बापा. परा रोवल्याबिगर पुढची ओळ येत नाई."

मला माझीच लाज वाटली. आम्ही उठून बांधीत, धानाच्या शेतात, गेलो. दिव्यानीला म्हणालो, "बटणं मधोमध ठेव. आवाज बारीक आला तं जवळ जाय, फाटला तं मांगं सर."

"एवढंच?"

"मले यापेक्षा जास्त येत नाई."

देवकाबाई वाकून परे, धानाची रोपं, रोवत मागं सरकत गेली, आणि गाणं आपसूक येत गेलं. दिव्यानी माइक धरून गुडघाभर चिखलात तिच्यासोबत सरकत राहिली. गाणं पूर्ण मिळालं.

ऑपरेशनला महिना झाला तरी देवकाबाईच्या तोंडून नुसती हवा निघत होती. दिव्यानीनं माझ्यासमोर तिला रेकॉर्डिंग ऐकवलं. ऐकून झाल्यावर तिनं लेकीच्या तोंडाकडे बोट केलं.

"मले नाई येत, माय," दिव्यानी रडत म्हणाली. "मी तं फक्त ऐकलं."

देवकाबाईनं तिचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटांनी रोवायला लागली, एकेक परा. तिसऱ्या पऱ्याला दिव्यानीच्या तोंडून पहिली ओळ निघाली.