ग्रहणाची रंगीत तालीम

आमच्या साडूंइतका तयारीचा माणूस पालघर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतक्या तयारीचा इतका कमी उपयोग झालेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. बोईसरच्या एका नटबोल्टच्या कारखान्यात ते तीस वर्षं माल तपासताहेत. हातात आलेली वस्तू मोजल्याशिवाय खाली ठेवायची नाही ही सवय तिथली, पण ती संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी यायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. दिवाळीत बेसनाचे लाडू वळून झाले की हे एकेक लाडू व्हर्निअरच्या चिमट्यात धरून बघत आणि "दोन मिलिमीटरचा फरक येतोय," असं गंभीरपणे जाहीर करत. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती मान वर न करता सांगे, "मोठे पाहुण्यांना, लहान तुम्हाला." गच्चीवरची टाकी धुवायची असली तर आदल्या रविवारी ते रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यातून वरखाली करत आणि प्रत्येक फेरीची वेळ एका लांबट वहीत टिपत. दुसऱ्या रविवारी टाकी धुवायला माणूस बोलावलेला असे, कारण तालमीत यांची कंबर धरलेली असे.

या स्वभावाच्या माणसाने कॅमेऱ्याच्या वाटेला जायचं नव्हतं, पण ते गेले. माझं लग्न त्यांनीच जमवलं आणि फोटोही त्यांनीच काढले. उजेड मोजला, अंतर मोजलं, भटजींना "एक मिनिट" म्हणून दोनदा थांबवलं. भटजी तिसऱ्यांदा थांबले नाहीत. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये अंतरपाट घडी घालून काखेत धरलेला एक काका आहे, हार घालून खाली आलेले माझे हात आहेत, आणि अक्षता डोक्यावरून झटकणारी बायको आहे. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला विझलेल्या मेणबत्तीचा धूर त्यांनी इतका सुरेख टिपलाय की बघत राहावं. आमच्या घरातल्या प्रत्येक मंगल प्रसंगाच्या पुढचा क्षण त्यांच्याकडे आहे. प्रसंग तेवढा नाही.

शेवटी व्हायचं तेच झालं. ताईच्या भाच्याच्या लग्नात बोईसरचा एक पोरगेलासा फोटोग्राफर ठरवला गेला आणि साडूंना कोणीतरी अगदी प्रेमाने सांगितलं, "तुम्ही यंदा जेवणाकडे बघा." त्यांनी जेवणाकडे बघितलं. पंगतीतल्या पानांमधलं अंतर सारखं आहे की नाही तेही बघितलं. पण घरी परतताना रिक्षात मला त्यांचं फार वाईट वाटलं. आठवड्याभराने ते वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होतं, आणि सूर्य ग्रासलेला असतानाच समुद्रात बुडणार होता.

"साडूभाऊ, इतकी वर्षं माझं काय चुकलं ते कळलं," ते म्हणाले. "माणसांचा मुहूर्त मागेपुढे होतो. याची वेळ मिनिटासकट छापलीय. याला घाई नाही आणि याला उशीर नाही." मग म्हणाले, "हाही चुकला, तर कॅमेरा कपाटात. पुन्हा काढायचा नाही." हे ते ताईसमोर बोलले, माझ्या बायकोसमोर बोलले, आणि त्यांच्या वहीत लिहून त्याखाली सहीदेखील केली. गंमत वाटावी असं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

तयारी सुरू झाली. कारखान्यातल्या जुन्या वेल्डरने आपल्या मुखवट्याच्या चार काळ्या काचा काढून दिल्या. "साहब, इसमें से सूरज देखो, आँख को कुछ नहीं होगा," असं सांगून वर चहाही पाजला. साडूंनी भिंगातून तपासून तीन काचा ओरखड्यांपायी नापास केल्या आणि एक पास केली. पालघरच्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर मी पितळी परात छातीशी धरून सूर्य म्हणून उभा राहिलो आणि ताई पातेल्याचं झाकण घेऊन चंद्र म्हणून माझ्यासमोरून सरकत गेली. पलीकडच्या गच्चीवर पापड उचलणाऱ्या बाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या. "चंद्र फार भरभर चाललाय," साडू कॅमेऱ्यामागून म्हणाले. "चंद्राने गॅसवर दूध ठेवलंय," ताई म्हणाली आणि ग्रहण अर्ध्यात सोडून खाली गेली.

जागा त्यांनी जवळच्याच समुद्रकाठच्या दांडी गावची निवडली. त्यांच्या मनातलं चित्र असं होतं: खाली भरलेलं पाणी, पाण्यावर एक होडी, होडीच्या पुढच्या टोकाच्या, म्हणजे नाळेच्या, बरोबर वर कुरतडलेला सूर्य, आणि तिथपासून होडीपर्यंत लांबलेला त्याचा सोनेरी पट्टा. एका रविवारी जाऊन त्यांनी पाहणी केली. संध्याकाळी साडेपाचला पाणी बांधापर्यंत आलेलं होतं, होडी डुलत होती. कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय जिथे टेकले तिथे त्यांनी बांधावर तेलरंगाचे तीन लाल ठिपके दिले. पुढच्या रविवारी कारखान्यात मालाची मोजदाद होती. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गेले, तर पाणी तिथेच, होडी तिथेच. होडी एका म्हाताऱ्या मांगेलीण, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजातल्या, आजीच्या घरची होती. तिला त्यांनी विचारलं, "आजी, दिवाळीत होडी इथेच असेल ना?" ती म्हणाली, "हितंच राहील. सणाची कोन नेतंय तिला?" मी एडवणचा, समुद्राकाठी वाढलेला. मी आपलं विचारलं, "भरतीओहोटीचं पाहिलंत का?" त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. "दोन नमुने घेतलेत. दोन्ही जुळले. माल पास." मूळच्या नाशिककडच्या माणसाने समुद्राचा माल पास केला आणि मी मान डोलावली. त्यांच्या वहीपुढे कोणाचं काही चालत नाही, हे कारण मी अजून सगळ्यांना सांगतो, पण खरं तर मला तेव्हा घरी जायची घाई होती.

ग्रहणाच्या दिवशी आम्ही तिघं निघालो. माझी बायको फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवून घरी बसली. ताईने एक पान कॅमेऱ्याच्या पिशवीतही टाकलं होतं. साडेतीनलाच आम्ही दांडीला पोचलो, बांधावर चढलो, आणि लाल ठिपक्यांपाशी साडू थांबले. ठिपके होते. होडीही जागेवर होती, पण एका कुशीवर कललेली, चिखलात. समुद्र कुठेच नव्हता. तो पार लांब, डोळे बारीक केले तर दिसेल असा, एक चकाकती रेघ होऊन पडला होता, आणि अजून मागेच चालला होता.

साडूंनी वहीत पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं, मग पुन्हा वहीत पाहिलं. मांगेलीण आजी सुनेबरोबर बांधावर सुकटीच्या टोपल्या सारत होती. तिनेच विचारलं, "काय हरवलं तुमचं?"

"पाणी," साडू म्हणाले. "मागे दोनदा आलो तेव्हा इथवर होतं."

"तवा दोनी येळेला सातम होती. सातमीला सांजचं पानी भरलेलं असतं. आज आवस हाय. आवसेला सांजचं पानी लांबच जातं." ती हसली नाही, उलट तिला जरा अपराधी वाटलेलं दिसलं. "तुमी होडीचं इचारलं, पान्याचं नाय इचारलं."

सूर्यग्रहण अमावास्येलाच लागतं हे साडूंना पाठ होतं. अमावास्येला दिवस मावळताना दांडीला ओहोटी असते हे दांडीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक असेल. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मात्र त्यांच्याकडूनही राहिलं आणि माझ्याकडूनही. मला तोंड वर करवेना. पण साडू म्हणाले, "ठीक आहे. पाणी नसलं तर नसलं, सूर्य तर आहे." त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तिपाई खांद्यावर घेतली आणि चिखलात उतरले. दोन ठिकाणी रुतले, एक चप्पल तिथेच राहिली. कललेल्या होडीशी त्यांनी तिपाई रोवली, काच कॅमेऱ्याच्या तोंडाला चिकटपट्टीने घट्ट बसवली, आणि अगदी छापलेल्या वेळी सूर्याच्या कडेला पहिला दात लागला. मीही मागोमाग जाऊन पडद्यावर पाहिलं. सूर्य, आणि त्याच्या खालच्या कडेवर उमटलेलं होडीच्या नाळेचं काळं टोक. पाण्याशिवायही ते चित्र चांगलं होतं. साडू म्हणाले, "अजून थोडा खाऊ दे. ग्रहण मध्याला आलं की काढू. एकच काढायचा, पण पक्का."

मध्याला दहाएक मिनिटं उरली तेव्हा ताई साडी वर खोचून चिखलातून त्यांच्याजवळ आली. तिच्यामागे आजी आणि तिची सूनही आल्या. लहानपणापासून ग्रहण म्हणजे ताईसाठी दार लावून बसणं. "मला एकदा बघू द्या ना," ती हळूच म्हणाली. "मी कधीच पाहिलं नाही हो."

साडूंनी घड्याळ पाहिलं. काच काढली की पुन्हा बसवायला किती वेळ लागतो ते त्यांनी तालमीत मोजलेलं होतं, मलाही माहीत होतं. मी म्हणणार होतो, ताई, पाच मिनिटं थांब. पण त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं, नखाने चिकटपट्टी सोडवली आणि काच तिच्या हातात दिली. "डोळ्यांसमोर धर, मगच वर बघ," एवढंच सांगितलं. ताईने पाहिलं आणि बराच वेळ काच खाली घेतलीच नाही. मग म्हणाली, "अगं बाई, खरंच कुरतडलाय की." काच आजीकडे गेली. आजी म्हणाली, "येवढी सत्तर वरसं हितं उगवतो न् बुडतो, पन असा नाय पायला." मग सुनेने पाहिलं, मग पुन्हा ताईने. काच परत आली तेव्हा तिच्यावर सुकटीचे ठसे होते. साडूंनी ती रुमालाने पुसली, पट्टी लावली, झाकण काढलं, आणि तोवर सूर्य क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात शिरून फिक्कट डाग झाला होता. काळ्या काचेतून तर काहीच दिसेना. बघता बघता तो डागही गेला.

शब्दाप्रमाणे दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, कॅमेरा कपाटात गेला. नंतर कोणी विषय काढला नाही. महिन्याभराने मी एकदा सहज त्यांच्याकडे गेलो असताना न राहवून विचारलं, "ग्रहणाच्या मध्याला सूर्य दिसला तरी कसा हो? मला शेवटी काच मिळालीच नाही."

"मलाही नाही मिळाली," ते म्हणाले. "मी पाहिलंच नाही."

"मग इतका वेळ तुम्ही करत काय होतात?"

"त्या तिघींकडे बघत होतो. समुद्राकडे तोंडं करून उभ्या होत्या ना एका ओळीत, आणि तिरकं ऊन तोंडावर. फार छान उजेड होता, साडूभाऊ. तसा पुन्हा मिळायचा नाही." ताई आत चहा टाकत होती. ते थोडा वेळ तिकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सूर्यासाठी काच लागते. त्यांच्यासाठी काही लागत नव्हतं. कॅमेरा इथे हाताशी होता, नुसतं झाकण काढून वळवायचा होता. मला सुचलंच नाही."