एका पंखाचा बांबू

नानांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला शब्द म्हणजे "थांबा". नाशिकजवळच्या एका लहानशा विमान-प्रशिक्षण संस्थेत ते जमिनीवरचे मदतनीस होते आणि मी उड्डाणांच्या नोंदी ठेवायचे. विमाने ठेवायच्या हँगरपासून धावपट्टीपर्यंत विमान स्वतःच्या चाकांवर जाते, त्याला तिथे सगळे टॅक्सी म्हणत. तेवढ्या वाटेत नाना विमान तीनदा अडवत. कुत्रे दिसले, थांबा. शिकाऊ वैमानिक मान खाली घालून कागद वाचतोय, थांबा. काहीच दिसले नाही, तर नीट पाहायला थांबा. मुलांनी त्यांचे नाव थांबा-नाना ठेवले होते. उशिराची कारणे मात्र मला लिहावी लागत, त्यामुळे रोज माझे डोके फिरत असे.

सकाळी ते तेलाचा रिकामा डबा घेऊन ती सगळी वाट वाकून खडे वेचत. "एवढासा खडा इमानाच्या नाकावरच्या पंख्यानं वढला तर गोळीवानी सुटतो," म्हणत. एका मुलाने विचारले, "नाना, खडीचा धंदा काढलाय का?" नाना वर न बघताच म्हणाले, "माल तुमच्याच बुटातून येतो, साहेब. आधी बूट झटका."

आणि तो बांबू! विमानाच्या पोटापासून पंखाच्या टोकापर्यंत जेवढे अंतर, त्याहून दोन हात लांब. टॅक्सीच्या पिवळ्या रेषेवर एक टोक ठेवून नाना तो आडवा टाकत. दुसरे टोक कशाला लागले, तर तिथे विमानाचा पंखही लागू शकतो, एवढा साधा हिशेब. संस्थेकडे नकाशे होते, नियमांची जाड पुस्तके होती. खरे मोजमाप एकट्या नानांच्या खांद्यावर होते. हे असे का, या प्रश्नाने मी पेटून उठे. नाना बांबू उचलून पुढे जात.

माझे वडील अंबडला कारखान्यात. कामगारांची पत्रके आमच्या स्वयंपाकघरात दुमडली जात. अक्षरेही मी त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे बांधकामाच्या ठेकेदाराचा पाण्याचा टँकर टॅक्सीच्या वाटेला खेटून उभा राहू लागला, तेव्हा मी काय करणार हे उघड होते. बांबूचे टोक टँकरच्या चाकाला टेकत होते. व्यवस्थापक म्हणाले, "पाणी लागतं बाई कामाला." नाना रोज ड्रायव्हरच्या विनवण्या करत आणि तो हलला नाही, की पंखाच्या टोकाशी स्वतः चालत विमान पार करून देत.

मी पत्रक लिहिले. 'बेफिकीर व्यवस्थापनाचा धिक्कार असो' इथून सुरुवात. पहिली सही नानांची हवी होती. त्यांनी ते बोट फिरवत दोनदा वाचले.

"पोरी, यात टँकर कुटं हाय?"

"नाना, प्रश्न एका टँकरचा नाही, वृत्तीचा आहे!"

"पंख वृत्तीला नाय धडकत. टँकरला धडकतो."

"सही करताय की नाही?"

"नाय. सही केली का मला गेटवर बसवतील. मग इथं पंखासंगं कोन चालंल?"

मी त्यांना भित्रे म्हणाले. तोंडावर. ते हसले, आणि मला आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरातच मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन हँगरबाहेर पडले. तेवढ्यात जवळच्या विमानाने इंजिनाचा जोर वाढवला, मागे हवेचा झोत आला आणि गठ्ठा उडाला. मी वाकून कागदांमागे धावले. पलीकडे दुसरे विमान संथपणे पुढे येत होते. त्याचा पंखा मला दिसलाच नाही. वेगात फिरणारा पंखा दिसत नाही, तिथे फक्त रिकामी हवा असते, हे मी नानांकडून शंभरदा ऐकले होते.

"थांब!"

एरवी सगळ्यांना "थांबा" म्हणणारा माणूस तेव्हा एकेरीत ओरडला. बांबू माझ्या पोटावर आडवा बसला आणि मी मागे कोसळले. बांबूचे पुढचे टोक पंख्यात गेले. फटकन आवाज झाला, ढलप्या उडाल्या. बांबूचे शेवटचे दोन हात उरले नाहीत.

विमान तपासणीसाठी बंद ठेवावे लागले. चौकशीत नाना म्हणाले, "बांबू माझ्या हातून सुटला." मी कपाळावर हात मारला. माझ्या चुकीने मी पंख्यात जात होते, नानांनी मला ढकलले, हे सगळे मी लेखी दिले. टँकर बांबूच्या मापात येतो, हेही लिहिले. आयुष्यात पहिल्यांदाच एकही विशेषण वापरले नाही. व्यवस्थापकांनी कागद खणात टाकला, मला समज दिली आणि नानांना गेटवर बसवले. ज्याची त्यांना भीती होती, तेच झाले. तेही माझ्यामुळे.

गेटवर नाना चारच महिने टिकले. रोज माझी स्कूटर अडवून विचारत, "टँकर कुटं उभा हाय?" मला माहीत नसे. मग ते नुसते हूं म्हणत, आणि त्या हूंचा मला माझ्या कुठल्याही पत्रकाहून जास्त त्रास होई. शेवटी ते कळवणकडे मुलाच्या घरी निघाले. जाताना मी त्यांच्या पाया पडले, तर म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. बांबू हँगरमागं ठेवलाय. दोन हात कमी हाय, ध्यानात ठेव."

बांबू टाकून मोजणे हे नोंदी ठेवणाऱ्या बाईचे काम नाही, असे मला तीनदा सांगून झाले आहे. आज सकाळी मी बांबू आडवा टाकला आणि पुढे माझे दोन हात मोजले. दुसरा हात पुरा व्हायच्या आधीच टँकरचे चाक लागले. समोरून विमान येत होते. आतले प्रशिक्षक काचेमागून हातवारे करत होते, त्यांचा वैताग मला चांगलाच ओळखीचा होता.

मी रेषेवर उभी राहिले आणि हात वर केला.