सारणाशिवाय करंजी

आमच्या गावच्या मराठी शाळेचे मास्तर नसते, तर त्या शिमग्यात संकासुराची टोपी मी खाडीत फेकून दिली असती. आज आगबोटीच्या भटारखान्यात कणीक तिंबताना तेच आठवतात.

दाभोळच्या खाडीपलीकडे आमचं गाव. शिमग्यात खेळे, म्हणजे सोंगं घेणारी मंडळी, नमनाचा खेळ करीत घरोघर फिरत. देवाच्या गाण्यांमधून लोकांना हसवायचं काम संकासुराचं: काळे कपडे, उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. वडील गेल्यावर मी चौथीतूनच शाळा सोडली होती. विशीत हे सोंग माझ्याकडे आलं. पहिल्याच वर्षी, भर दुपारी, खोतांचे भाऊ भरल्या अंगणात म्हणाले, “शाळा सोडलीन ती ह्या माकडचाळ्यांसाठी होय?”

बायकांत माझी आई उभी होती. तिनं मान खाली घातली.

मी टोपी काढली नि तडक शेजारी मास्तरांच्या पडवीत जाऊन बसलो. “मी नाय जाणार परत.”

आत मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, करंज्या तळत होत्या. सारण संपलं म्हणून शेवटच्या दोन-तीन त्यांनी रिकाम्याच तळल्या होत्या. मास्तरांनी त्यातली एक माझ्या हातावर ठेवली.

“कशी लागते?”

“कोरडी.”

“फ्रेंच लोक सारणाला फार्स म्हणतात. त्यांच्याकडे देवाधर्माच्या खेळात मधे मधे थट्टा भरीत, म्हणून तिलाही तेच नाव पडलं. नाटकवाल्यांचा फार्स तो हाच. आणि तो करणारा फार्सर. म्हणजे तू. तिकडे खेळे कोरडे पडलेत, ऊठ!”

गेलो. खोतांचे भाऊ ओटीवरच होते.

“काका, शाळा मी नाय सोडली. शाळेनं मला सोडलान. मास्तरांना विचारा, अजून पेढे वाटतायत!”

अंगण हसलं. काका हसले. मी आईकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती.

पुढच्या शिमग्याआधी काकू गेल्या. सुतकाचं घर म्हणून खेळे मास्तरांच्या अंगणावरून मुकाट्यानं पुढे गेले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मी बोट धरली. आता मास्तरांच्या पत्रातलं अक्षर हललेलं दिसतं, आणि पत्राला उशीर झाला की मी जुनंच पुन्हा वाचतो.

मास्तर, तेवढं थांबा. रजा मिळाली की पहिलं नमन तुमच्या अंगणात, आणि टोपी माझ्या डोक्यावर.