दसऱ्याला फोडलेली काच

माझी गाडी मी स्वतःच्या हातानं फोडली. आमच्या वळ गावच्या गल्लीत अजून कुणी ना कुणी विचारतंच, "शेठ, त्या दिवशी डोकं फिरलं होतं काय?" हो बाबा, फिरलं होतं.

गाडी जर्मन, जुनी, चार दारांची. लांबून बघाल तर एखाद्या बँक मॅनेजरची वाटेल. पण बॉनेटखाली आठ सिलिंडर, चावी फिरवली की छातीत हादरा बसायचा. असली आता बनत नाही, देशात मोजक्याच उरल्यात. आमची शेतं गोदामांखाली गेली तेव्हा भावकीतल्या सगळ्यांनी नव्या, उंच, चकाचक गाड्या घेतल्या. मी ही आणली तर घरचे म्हणाले, भंगार उचलून आणलं. काल्हेरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात तिचं पोट घासलं की माझ्या पोटात कळ यायची. एखादा पार्ट लागला तर महिनोन्‌महिने वाट बघायची.

थोरला भाऊ तेवढा तिच्यावर जीव टाकायचा. मी उठायच्या आधी दादा येऊन फडकं मारून जायचा. मी खेकसायचो, "दादा, घासून घासून रंग घालवशील!"

"तुझ्या थोबाडाचा जाईल, हिचा न्हाय जायचा."

त्या दसऱ्याला गोदामाच्या आवारात पूजा मांडली. पाटावर जॅक, पाने, टॉमीची लोखंडी कांब, सगळ्यांना हळदकुंकू. गाडीला झेंडूची माळ. दादा नारळ हातात घेऊन थांबला.

"आरं, तोंड दक्षिणंला हाय! अशी पूजा करतात व्हय?"

"राहू दे ना. आत नीट उभी आहे."

"न्हाय. चावी दे."

त्यानंच गाडी फिरवली. तोंड पूर्वेला आलं, पण आवार अरुंद, मागची अर्धी गाडी फाटकातून गल्लीत निघाली. ट्रेलर येतात रे, मी म्हणालो. तो म्हणाला, आज सणाचं कोण येतंय मरायला.

ट्रेलर आला. रिव्हर्स घेताना त्याचा कोपरा गाडीच्या मागच्या दारात घुसला आणि पत्रा टरकन फाटला. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला, हात जोडले, म्हणाला, "सेठ, दिखा नहीं. गाडी बाहर खडी थी." खरं बोलला, तीच त्याची चूक. बाहेर कुणी काढली होती ते दादाला ठाऊक होतं.

दादानं पाटावरचा मोठा पाना उचलून त्याच्या जबड्यावर हाणला. माणूस खाली पडला. मग चुलतभाऊ धावले, शेजारच्या गोदामातले धावले. काहींच्या हातात वाटायला आणलेली आपट्याची पानं होती, ती फेकून लाथा घालायला लागले. बरगडीचा आवाज मी ऐकला. पान्यावर कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, कळेना. मी दादाला मागून मिठी मारली, तर त्याचं कोपर तोंडावर बसलं आणि माझा दात तुटला.

"दादा, मरेल तो!"

"मरू दे! माझ्या भावाच्या गाडीला हात लावतो!"

ड्रायव्हरनं डोक्यावर धरलेला हात मोडून लोंबत होता. डोकं उघडं पडलं. दादानं पाना दोन्ही हातांनी वर उचलला आणि मला दिसलं, हा आता खुनी होणार.

मी पाटावरची टॉमी घेतली आणि गाडीची पुढची काच फोडली. कुठं मिळत नाही ती काच. मग दिवा, मग दुसरा दिवा, मग बॉनेट. प्रत्येक घावाला मीच ओरडत होतो.

सगळे जागच्या जागी थांबले. "आरं, आरं, काय करतंस!" दादानं पाना टाकला, धावत आला आणि बॉनेटवर आडवा पडला, झेंडूच्या माळेवर, काचांवर. मी त्याच्या आजूबाजूला घाव घालतच राहिलो. तोवर वॉचमननं ड्रायव्हरला उचलून रिक्षात घातलं.

तो जगला. हात वाकडा राहिला, आता ट्रेलर चालवत नाही. दादावर केस झाली, पण मारहाणीची. जामिनावर सुटून आला आणि माझ्याशी बोलायचा बंद झाला. समोर आलो की मान फिरवायचा. माझा जीव तुटायचा, पण मीही हट्टी.

गाडी आत ताडपत्रीखाली आहे. परवा सकाळी बघतो तर ताडपत्री वर केलेली, आणि दादा चेपलेल्या बॉनेटवर फडकं मारतोय. मला राहवलं नाही.

"दादा, तुझ्यासाठी फोडली रे. पुढचा घाव त्याच्या डोक्यात बसला असता. जन्मभर आत गेला असतास."

तो फडकं मारत राहिला. डोळे गळत होते, पुसले नाहीत. त्या ड्रायव्हरचं नाव त्यानं आजवर विचारलेलं नाही, तेव्हाही विचारलं नाही.

"मग माझं टाळकं फोडायचं होतंस, बारक्या," तो म्हणाला. "हिला कशाला फोडलीस?"