गोड्या पाण्यातलं वजन

पौषातल्या सकाळी आमच्या गावच्या तलावाला दोन वास असतात. एक पाण्यावरून येतो, शेवाळाचा, ओलसर आणि किंचित लोखंडी. दुसरा पलीकडच्या उसाच्या मळ्यातून, गुऱ्हाळाच्या चुलवाणावरून येतो, उकळत्या रसाचा, इतका दाट की श्वास घेताना घशाला गोडवा चिकटावा. त्या रविवारी त्यांत तिसरा वास मिसळला होता, रबराचा. माझी मुलगी सुजाता काठावरच्या दगडांवर पाणबुड्यांचे काळे पोशाख पसरत होती, हवेच्या टाक्या तपासत होती, आणि धुणं धुवायला आलेल्या बायका हातातलं पिळायचं सोडून आमच्याकडे टक लावून बघत होत्या. पन्नाशी उलटून गेलेली, कॉलेजात मराठी शिकवणारी मी त्या अंगाला चिकटणाऱ्या पोशाखात अवघडून उभी होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचं ते बघणं मला आवडत होतं.

सुजाता एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे आणि सुट्टीच्या दिवशी पूरपाण्यात उतरणाऱ्या तरुणांच्या एका गटाबरोबर काम करते. पंचगंगा पात्राबाहेर आली की आमच्या कसबा बावड्यापर्यंत शिवारं पाण्याखाली जातात. अशा वेळी बुडालेल्याला शोधायला बाहेरून पाणबुडे येईपर्यंत घरच्यांनी काठावर नुसतं बसून राहायचं, हे तिला सहन होत नाही. गटातल्या नवख्यांना शिकवायला हा तलाव चालेल का, पाण्यात कुठवर दिसतं, तळाला गारवा किती, गवत कुठं अडकवतं, गाळ कसा आहे, हे तिला आधी स्वतः उतरून पाहायचं होतं. पाण्याखाली एकट्याने जायचं नसतं, जोडीनेच जायचं, आणि जोडीदाराला सोडायचं नाही, हा त्या विद्येचा पहिला नियम. तिचा नेहमीचा जोडीदार तापाने अंथरुणात होता. मी म्हटलं, मी येते. मालवणच्या समुद्रात मी तिच्याच हाताखाली शिकले होते, प्रवाळांवरून तरंगत गेले होते, आणि त्यानंतर कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये चहाबरोबर त्या निळाईची वर्णनं वाढत होते.

पण या पाण्यात उतरण्याचा माझा हट्ट निळाईचा नव्हता. माझ्या आईच्या लहानपणी आमच्या वस्तीला या तलावाचा वेगळा, उताराकडचा काठ होता. वरच्या काठावर पाय ठेवायची मुभा नव्हती. धम्मदीक्षेनंतर हळूहळू ते मोडलं, पण आई अखेरपर्यंत वरच्या काठावरून जाताना पदर सावरून, घाईने चालायची. तिच्या लेकीने आणि नातीने त्याच काठावरून, साऱ्या गावादेखत, या पाण्याच्या पार तळाशी जाऊन यावं, असं मला फार वाटत होतं. त्या वाटण्यात माझा जो ताठा मिसळला होता, तो तेव्हा मला दिसला नाही.

खारं पाणी माणसाला वर ढकलतं, म्हणून समुद्रात बुडी घेताना कमरेला शिशाच्या वड्यांचा पट्टा बांधतात. गोडं पाणी तितकं उचलत नाही, तिथे वड्या कमी करायच्या असतात. मी मालवणचा पट्टा जसाच्या तसा कमरेला लावला. सुजाताने पाहिलं आणि म्हणाली, "आई, त्यातल्या वड्या काढ की थोड्या. गोडं पाणी हाय हे, धरून ठेवत न्हाई." बायका ऐकत होत्या. मी हसून म्हटलं, "मला ठाऊक आहे गं, याच वजनावर मी शिकले आहे," आणि बक्कल खटकन लावून टाकलं. तिने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. चारचौघांत आईला खोडून काढायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते यालाच.

पहिले काही क्षण सुंदर होते, आणि हेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं त्या पाण्यावर अन्याय करणारं होईल. वरून पडणारं ऊन कोवळ्या केळीच्या पानातून यावं तसं हिरवं झालं होतं. त्यात सूक्ष्म कण संथपणे तरंगत होते, एक लहानसा मासा माझ्या डोळ्यांवरच्या मुखवट्याच्या काचेपाशी येऊन माझ्याकडे निरखून गेला, आणि माझ्याच श्वासाचे बुडबुडे कानाशेजारून गुडगुडत वर निघाले होते. सुजाताचा हात माझ्या दंडावर होता. मग हिरवं गडद होत गेलं, तपकिरी झालं, आणि एका विशिष्ट खोलीवर कुणी थंडगार ओलं वस्त्र अंगावर टाकावं तसा गारवा एकदम मानेपासून पोटऱ्यांपर्यंत लपेटला. समुद्रात असा उंबरठा मला कधी लागला नव्हता. बुडण्याचा वेग आवरायला अंगातल्या जाकिटात हवा भरायची असते, ती भरायला मी विसरले, कमरेचं शिसं मला खाली ओढत राहिलं, आणि तळ आला हे कळायच्या आत मी गुडघ्यापर्यंत गाळात रुतले.

वर्षानुवर्षांची कुजलेली पानं, गणपतींची माती, पुरांनी आणून टाकलेलं काय काय त्या तळाशी निजलेलं होतं, ते सगळं एकदम उठलं. पुढची काच काळी झाली. माझा स्वतःचा हात मला दिसेना. वर कुठे आणि खाली कुठे हेही कळेना, कारण जिथे दिसतच नाही तिथे दिशा हा शब्द पोकळ होतो. श्वास चालू होता, टाकीत हवा भरपूर होती, काहीही बिघडलेलं नव्हतं. फक्त मी घाबरले होते. दंडावरचा हात घट्ट झाला. तो माझ्या लेकीचा हात होता, थांब, मी आहे, एवढंच तो सांगत होता, आणि मी तो सर्व बळ एकवटून झटकला. कोपर तिला कुठेतरी लागलं. मी पट्ट्याचं बक्कल ओढलं, शिसं निसटलं, आणि मी वर सुटले.

पाण्याबाहेर डोकं आलं तेव्हा ऊन होतं, गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चालला होता, आणि माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. हे मी लपवणार नाही. त्या आनंदात सुजाता नव्हती. तिची आठवण त्यानंतर आली, आणि मग मी ओरडू लागले. ती खालीच होती. मला शोधत होती, कारण नियम तिला माहीत होता आणि मलाही होता. पाण्यावर एका जागी तिचे बुडबुडे फुटत होते, ती जागा थोडी सरकायची, परत फिरायची, पुन्हा सरकायची. ती त्या काळोखात चाचपत वर्तुळ घेत होती. मला पुन्हा खाली जायला हवं होतं. पण पट्टा सोडल्यामुळे तो रबरी पोशाख मला बुडू देत नव्हता, आणि बुडता येत नाही हे ध्यानात आलं त्या क्षणी मला बरं वाटलं. आजही मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती हात झटकल्याची नाही. त्या बरं वाटण्याची वाटते.

ती वर आली तेव्हा तिच्या हातात माझा पट्टा होता. भुवईजवळ कोपराचा लाल ओरखडा उमटला होता. तिने तोंडातली नळी काढली आणि धापा टाकत म्हणाली, "पट्टा घावला गं. तू घावली न्हाईस." तिचे ओठ निळे पडले होते, आणि एवढी धीराची माझी पोरगी थरथरत होती. गाळात हाताला शिसं लागल्यावर तिथेच कुठेतरी मी असणार असं समजून ती ढवळलेल्या चिखलात आईचं अंग शोधत राहिली होती.

काठावर आम्हाला ओढून घेणाऱ्या बायकांपैकी एकीने स्वतःचं वाळलेलं लुगडं माझ्या खांद्यांवर टाकलं. ती म्हणाली, "लेक खाली ऱ्हायली म्हणून कशी वराडत हुती बघा! आईचं काळीज आसतंय त्ये." दुसरी म्हणाली, "व्हय की. आई त्ये आईच." मी सुजाताकडे पाहिलं. ती पोशाखाची चेन उघडत होती. तिने मान वर केली नाही आणि त्या बाईला दुरुस्तही केलं नाही. मी करू शकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही मी ते लुगडं अंगाभोवती आवळून घेतलं.

हौदातलं पाणी नाकाशी आल्यावर पिल्लाला पायाखाली घेणाऱ्या माकडिणीची गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून सांगतात. वर्गात तिचा विषय निघाला की मी मुलांना म्हणायची, ही गोष्ट रचणाऱ्याने आई पाहिलेली नाही. आता मी ते म्हणत नाही. लाज ही अपराधापेक्षा वेगळी आहे, हेही मला या दिवसांत कळलं. अपराधाला माफी मागता येते, आणि मी मागितली, त्याच संध्याकाळी, स्वयंपाकघरात, तिच्या ओरखड्यावर हळद लावताना. ती म्हणाली, "आगं, घाबरतंच माणूस. मी पन पयल्यांदा घाबरलेली," आणि भाकरीसाठी पीठ चाळायला घेतलं. विषय तिच्यासाठी संपला होता, निदान तसं तिने दाखवलं. माझी लाज मात्र तशीच राहिली; ती माफीने विरघळेना, कारण ती काही केल्याची नव्हती, मी कोण आहे हे कळल्याची होती. एवढं आयुष्य मी स्वतःला ओळखून आहे असं समजत होते. त्यानंतर दाराची बेल वाजवून सुजाता घरात आली की मी हातातलं काम उगाचच वाढवायची आणि तिच्या डोळ्यांना डोळा द्यायचं टाळायची.

तिने गटातल्या मुलांना तलावाबद्दल जे सांगितलं, ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं. वरचं पाणी हिरवं पण बरं आहे, निम्म्यावर एकदम गार लागतं, तळाचा गाळ पायाच्या एका धक्क्याने उठतो आणि बसायला वेळ घेतो, गाळ उठला की हातभर अंतरावरचंही दिसत नाही. नवख्याला न्यायचं तर वजन कमी करून आणि दोघांना एका दोरीने बांधूनच न्यायचं. हे तिला कसं कळलं, ते तिने सांगितलं नाही. त्यातल्या एकाने, काकूंना कसं वाटलं, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई येणार हाय की परत."

मी येणार आहे हे मला त्या वाक्यातूनच समजलं. नको म्हणायचं ओठांवर आलं होतं, पण नको म्हटलं तर ते पुन्हा एकदा तिचा हात झटकणंच झालं असतं.

माघात ऊस बराचसा तुटून गेला होता, गुऱ्हाळं थंडावली होती, आणि काठावर नुसता पाण्याचाच वास होता. वड्या या वेळी मीच कमी केल्या. सुजाताने पिशवीतून एक मऊ दोरी काढली, लांबी हाताने मापली आणि एक टोक स्वतःच्या डाव्या मनगटाला बांधलं. दातांत धरून ओढून, दोन वेढे देऊन, सुटणार नाही अशी निरगाठ. मग तिने माझा हात हातात घेतला, दुसरं टोक माझ्या मनगटाभोवती फिरवलं, आणि माझ्याकडे न पाहता, एका झटक्यात सुटेल अशी सुरगाठ मारली.