उठा बाई

उजव्या हाताचा पंजा वर करून बाई म्हणायच्या, "थांबा. येतंय." पहिल्या दिवशी मला वाटलं, चहा येतोय.

येत होता तो शब्द. माझ्या नातीच्या, सईच्या तोंडून. सई चार वर्षांची होत आली तरी तिच्याकडे शब्द मोजकेच होते, बाकी कारभार बोट दाखवून चालायचा. मुलगा आणि सून दोघंही आयटीत, म्हणून तिला स्पीच थेरपीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. तेही दुपारी दोन वाजता. सदाशिव पेठेतल्या निवृत्त माणसाला दुपारी दोनला घराबाहेर काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

बाईंची खोली आमच्याच गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर होती. दारावर पाटी होती : "बेल वाजवू नये. आत झोपेचा सराव चालू आहे." मी ती थट्टा समजलो. थट्टा नव्हती.

बाई सतरंजीवर आडव्या व्हायच्या, फुलाफुलांची चादर डोक्यावरून ओढून घ्यायच्या आणि घोरायला लागायच्या. खिडकीतले पारवे उडून जातील असं घोरणं. सईनं त्यांना उठवायचं, हाच खेळ. सुरुवातीला नुसतं "उ" म्हटलं तरी बाई उठायच्या. आळोखेपिळोखे द्यायच्या, डोळे चोळायच्या आणि म्हणायच्या, "अगंबाई, उजाडलंसुद्धा?" सई खिदळायची. की पुन्हा चादर, पुन्हा घोरणं. पुन्हा "उ", पुन्हा "अगंबाई, उजाडलंसुद्धा?" दर वेळी आश्चर्य मात्र ताजं.

"बाई, कंटाळा नाही येत हो?" मी एकदा विचारलं.

"अहो आजोबा, ती दर वेळी नव्यानं उठवतेय. मी शिळी उठून कसं चालेल?" बाई म्हणाल्या आणि चादरीत शिरता शिरता पुटपुटल्या, "सगळी पेठ खरी झोपलीय. मीच तेवढी खोटी."

त्या खोलीत हिरवा पडदा होता. त्यातून येणाऱ्या उजेडात सगळंच पाण्याखाली असल्यासारखं दिसायचं. खाली गल्लीत चिटपाखरू नसायचं. पंखा फिरायचा, बाई घोरायच्या, खुर्चीत माझेही डोळे मिटायला लागायचे आणि कोण खरं झोपलंय, कोण खोटं, याचा पत्ता लागेनासा व्हायचा.

मग एके दिवशी बाई "उ"वर उठेनात. आता अख्खं "उठा" हवं होतं. सईनं ओठांचा चंबू केला, पण पुढे काही येईना. तिचे डोळे भरले. दुसऱ्यांच्या वतीनं बोलायची मला जन्माची सवय. मी खुर्चीतून ओरडलो, "उठा!"

"आजोबांनी उठवलेलं चालत नाही," चादर म्हणाली. चादरीतून पंजा बाहेर आला. "थांबा. येतंय."

आम्ही थांबलो. मला भीती वाटत होती, ती मी घरी कुणाला सांगितली नव्हती. हे पोर शाळेत जाईल, मुलं काहीबाही विचारतील आणि ही नुसती बघत राहील. आलंच नाही तर? बाई तशाच पडून होत्या. आणि मग आलं. बारीक, घोगरं, पण अख्खं. "उठा." बाई इतक्या झटक्यात उठल्या की चष्मा सतरंजीवर पडला.

पुढे "उठा बाई" झालं, "उठा बाई, चहा झाला" झालं. पण हे सगळं खेळातलं. खेळाबाहेर सई पुन्हा बोटावर यायची.

चैत्रातल्या एका दुपारी घोरणं ऐकू आलंच नाही. सईनं चादरीचं टोक उचलून पाहिलं. बाईंना खरोखरच झोप लागली होती. तोंड थोडं उघडं होतं, चष्मा वाकडा झाला होता. मी "अहो बाई" म्हणणार, तेवढ्यात सई माझ्याकडे वळली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, हळू. बाई खऱ्या झोपल्यात."

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिचं वाक्य. सरळ सांगतो, मी रडलो. सई चादर बाईंच्या पायांवर नीट करत होती.

चारच्या सुमाराला बाई जाग्या झाल्या. त्या ओशाळल्या. मी घडलं ते सांगितलं.

"आणि ऐकायला नेमकी मीच नव्हते," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

आता सई शाळेत जाते. इतकी बोलते की माझी दुपारची झोप दुसऱ्यांदा गेली. गेल्या श्रावणात बाईंच्या भावाचा फोन आला. दुपारच्या जरा पडल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. मी सईला ते तसंच सांगितलं. तिनं विचारलं,

"कुणी 'उठा बाई' म्हटलं नाही का?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटेना. सईनं घाई केली नाही. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, उजव्या हाताचा पंजा वर केला आणि वाट पाहत राहिली.